सुनंदा मराठी विसरली तेव्हा

पहिली चूक एका ब्लाऊजमध्ये झाली. शेजारच्या शेवंताकाकूंनी भाचीच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला ब्लाऊज त्या परत घेऊन आल्या आणि अंगात घालून दाखवला. उजवी बाही काखेत गोळा होऊन वर चढत होती. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लागल्या होत्या. काकू हसत होत्या, कारण सुनंदाच्या हातून असं व्हावं हीच त्यांना गंमत वाटत होती. सुनंदा हसली नाही. तिनं ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही हात लावलाय ह्याला."

मी छत्र्या विकणारा माणूस. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं छत्र्या आणि रेनकोटांचं दुकान होतं. आता त्याच जागेत माझा मुलगा प्रशांत मोबाईलचे सुटे भाग विकतो. बायकोच्या शिलाई मशीनला मी जन्मात कधी बोट लावलं नव्हतं. ती लग्न होऊन या घरात आली, पुढच्या खोलीत मशीन मांडली आणि तेव्हापासून अख्ख्या पेठेतल्या बायका तिच्याकडं ब्लाऊज शिवायला टाकत आल्या. अशी बाई नवऱ्यानं बाही बदलली म्हणते, तेव्हा माणूस काय समजतो? मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. आम्ही चष्मा बदलला.

नंतर हुक दोन्ही बाजूंना लागायला लागले. आमटीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. कुकरमध्ये पाणी घालायचं राहिलं आणि घरभर जळका वास सुटला. प्रत्येक वेळी माझ्याकडं कारण तयार असायचं. झोप झाली नाही. वय झालं. माझंही वय झालंच होतं, सत्तरी मागं टाकली होती, मीही चावी कुठं ठेवली ते विसरायचो. पण मी चावी विसरायचो. चावी कशाला असते ते विसरत नव्हतो. हा फरक मला फार उशिरा कळला.

आज ज्यांच्या घरात असंच कुणीतरी पहिल्यांदा चुकलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. धीर द्यायला लिहितोय असं म्हणणार नाही, कारण वाटून देण्याइतका धीर माझ्याकडं उरलेला नाही. पण पुढं काय काय येतं ते मला आधी कुणी सांगितलं असतं, तर निदान आमची निम्मी भांडणं वाचली असती.

तपासणी

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. दोन पावसाळे त्यातच गेले. मग एक दिवस शिवायला बसलेली सुनंदा मशीनसमोरच रडताना रूपालीला दिसली. रूपाली म्हणजे आमची सून, प्रशांतची बायको, एका पतसंस्थेत नोकरी करते. मशीनमध्ये दोरा कसा ओवायचा ते सुनंदाला आठवत नव्हतं. दोऱ्याचं टोक हातात धरून ती बसली होती. रूपालीनंच प्रशांतला सांगून मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाई होत्या, वयानं आमच्या रूपालीएवढ्या. त्यांनी रक्त तपासून घेतलं, मेंदूचा फोटो काढायला लावला. मग सुनंदाला समोर बसवून त्या साधे साधे प्रश्न विचारायला लागल्या. आज वार कोणता? आपण कुठल्या गावात आहोत? घरात कोण कोण आहे? प्रत्येक प्रश्नाला सुनंदा मान वळवून माझ्याकडं बघायची आणि मी उत्तर द्यायचो. मला ते कळतही नव्हतं. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, आता तुम्ही बोलायचं नाही."

मग मी गप्प बसलो आणि काय काय गेलंय ते मला दिसलं. वार गेला होता. महिना गेला होता. डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. सुनंदानं गोल सुरेख काढला, कापडावर खडूनं गळा आखावा तसा. पण सगळे आकडे एकाच बाजूला दाटीवाटीनं लिहिले आणि उरलेली बाजू मोकळी सोडली. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि झालं म्हणाली.

रूपाली तिला घेऊन बाहेर बसली. डॉक्टरांनी प्रशांतला आणि मला अल्झायमर हा शब्द सांगितला. मी विचारलं, बरं कधी होणार? हा आजार बरा होत नाही, म्हणाल्या. गोळ्यांनी त्याचा वेग काही दिवस थोडा कमी होईल, झाला तर. मी ऑपरेशनचं विचारलं. मुंबईचं विचारलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांचं आता शिकणं थांबलं. यापुढं जे बदलायचं ते तुम्हाला बदलायला लागणार आहे." मला त्यांचा राग आला. आजारी कोण आणि हुकूम कुणाला, असं झालं.

रिक्षातून घरी येताना सुनंदानं माझा हात धरला आणि काळजीनं विचारलं, "डॉक्टर काय म्हणाल्या तुमच्याबद्दल?" तिला वाटत होतं, तपासायला मला नेलं होतं. मी म्हणालो, काही विशेष नाही, गोळ्या दिल्यात. ती म्हणाली, मग नीट घेत जावा, टाळू नका.

कात्री

शिवणकाम बंद झालं. मशीन झाकून ठेवली आणि तेव्हापासून घरात चोर शिरला. कात्री चोरीला गेली, टेप चोरीला गेला, मंगळसूत्र चोरीला गेलं. सगळं ती स्वतःच उशीच्या अभ्र्यात, तांदळाच्या डब्यात ठेवत होती. पण चोर एकच होता, रूपाली.

शेवंताकाकू दारात उभ्या असताना सुनंदा म्हणाली, "ही माझ्या घरातलं एकेक नेऊन आपल्या माहेरी भरती." रूपाली त्या वेळी तिच्याच पायांना तेल चोळत होती. तिनं वर बघितलं नाही, दुसरा पाय हातात घेतला. संध्याकाळी तिनं मला सांगितलं, "मामंजी, आजार हाय हे मला कळतंय. पण ऐकून घेताना ते आजाराचं वाटत न्हाय, आईंचंच वाटतंय."

प्रशांत आणि रूपाली एकमेकांशी बोलेनासे झाले होते. तो आईला काही बोलू शकत नव्हता, म्हणून बायकोवर चिडायचा. मी सुनंदाला पुराव्यानिशी समजावत बसायचो. बघ, कात्री इथंच आहे, तूच ठेवलीस. ती आणखी पेटायची. कात्री सापडली तर म्हणायची, आता घाबरून परत आणून ठेवली. माणसाला खरं सांगितलं की पटतं, एवढ्या एका समजुतीवर मी जन्मभर दुकान चालवलं होतं. ती समजूत या आजारापुढं चालत नाही.

दिवस कलायला लागला की तिची घालमेल सुरू व्हायची. पिशवीत लुगडी भरायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. घरी जायचं म्हणायची. अगं, हेच घर आपलं, असं मी सांगायचो. ती माझ्याकडं अशी बघायची, की फसवणारा माणूस हाच.

बसव्वा

सुनंदाचं माहेर संकेश्वरच्या बाजूचं, कर्नाटकातलं. तिथं घरात सगळी कानडी बोलायची. आम्ही दोन्ही घरं लिंगायतच, पण कोल्हापुरात राहून आमच्या घरातली कानडी आजोबांबरोबरच संपली होती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होती. वर्षभरात ती अशी बोलायला लागली, की बाहेरच्याला कळू नये. लग्नात आमच्याकडच्या रिवाजानं तिचं नावही बदललं. माहेरची बसव्वा आमची सुनंदा झाली. पुढं तिचे आईवडील गेले, आणि बसव्वा म्हणणारं कुणी उरलं नाही. धाकटी बहीण पार्वती तिला अक्का म्हणते. आठवड्यातून एकदा दोघी फोनवर कानडीत बोलायच्या, तेवढीच या घरात कानडी.

एकदा जेवताना सुनंदा "नीरू" म्हणाली. नीरू म्हणजे पाणी, एवढं मला ठाऊक होतं. मी पाणी दिलं. मला त्यात काहीच वाटलं नाही. पण मग बेडा आलं, नको म्हणताना. साकु आलं, पुरे म्हणताना. मराठीतले शब्द एकेक करून मावळत गेले आणि त्या जागी कानडी उगवायला लागली. सुरुवातीला वाक्य अर्धं या बाजूचं, अर्धं त्या बाजूचं असायचं. मग मराठीचं अर्धंही संपलं.

डॉक्टरांना विचारलं तर त्या म्हणाल्या, असं होतं. नंतर शिकलेलं आधी जातं, लहानपणचं शेवटपर्यंत टिकतं. त्यांच्या दृष्टीनं ते सरळ होतं. मला मात्र त्या खुर्चीवरून उठवेना. नंतर शिकलेल्यात मी होतो. प्रशांत होता. आमचा सगळा संसार नंतर शिकलेला होता.

एका सकाळी मी तिला चहा द्यायला गेलो. तिनं कप घेतला नाही. अंगावरचा पदर सावरून, भिंतीला टेकून तिनं विचारलं, "नी यार?"

मी पार्वतीला फोन लावला आणि याचा अर्थ विचारला. पार्वतीनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाली, "तू कोण, असं विचारती, दाजी."

स्टँडवर

त्या दुपारी घरात सुनंदाजवळ मी एकटाच होतो. गॅसची टाकी आली होती, टाकीवाला गेल्यावर मी कडी लावली असं मला वाटलं. अंघोळ करून बाहेर आलो तर दार उघडं होतं आणि सुनंदा नव्हती.

प्रशांत दुकान टाकून आला. रूपाली कामावरून आली. आम्ही महाद्वार रोड बघितला, देवळात बघितलं, रंकाळ्याच्या कठड्यानं चालत गेलो. पाण्याकडं बघायची माझी छाती होत नव्हती, ते काम प्रशांतनं केलं. पोलिसांत वर्दी दिली. नाव सुनंदा, हिरवं लुगडं, राहणार मंगळवार पेठ. हवालदारांनी भाषा विचारली, प्रशांत म्हणाला मराठी. त्याच्या तोंडून सवयीनं गेलं आणि मीही दुरुस्त केलं नाही.

मग मी एस. टी. स्टँडवर गेलो. बाहेर रिक्षावाल्यांना मोबाईलवरचा फोटो दाखवत फिरत होतो. आत लाऊडस्पीकरवर पुकारा चालला होता. बसव्वा नावाच्या वयस्कर बाई, कर्नाटकातल्या, वडिलांचं नाव मल्लाप्पा, देवदर्शनाला आलेल्या लोकांपासून चुकलेल्या आहेत, त्यांच्या लोकांनी कंट्रोलकडं यावं. मी तो पुकारा ऐकला. त्या बाईच्या घरचे कुठं असतील असंही मनात आलं. आणि मी पुढच्या रिक्षावाल्याकडं गेलो.

पार्वतीला कळवायला हवं म्हणून फोन केला. सुनंदा सापडत नाही, एवढंच सांगितलं. ती रडत म्हणाली, "दाजी, सुनंदा म्हणून कुणाला सापडंल ती? बसव्वा म्हणून विचारा की."

मी पळालो. या वयात मी तसा पळेन असं कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो. कंट्रोलमधल्या बाई म्हणाल्या, त्यांचं कुणी आलं नाही, आजी गावाचं नाव बरोबर सांगत होत्या, म्हणून कंडक्टरच्या ओळखीवर संकेश्वरच्या गाडीत बसवून दिलंय. गाडी सुरू होती. ड्रायव्हर चढत होता.

सुनंदा खिडकीशी बसली होती. कित्येक महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत मी बघितला नव्हता. तिला पाहिजे ती गाडी मिळाली होती. मी तिचा दंड धरला आणि उतर म्हणालो. ती किंचाळली. हात झिडकारून पुढच्या सीटचा दांडा धरला. गाडीतली माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी माझी कॉलर धरली. कंडक्टर सीमेकडचा होता, कानडी जाणणारा. मी नवरा आहे असं मी ओरडून सांगत होतो. त्यानं तिला कानडीत विचारलं, हे तुझे मालक आहेत का? तिनं माझ्याकडं नीट बघितलं. खोटं बोलणारी बाई नव्हती ती कधी.

"अल्ल," ती म्हणाली. नव्हे.

मोबाईलमधले फोटो दाखवले, प्रशांतच्या लग्नातले, घरातले. लोकांनी कॉलर सोडली. पण तिला उतरवायचं कसं? ती मला ओळखत नव्हती आणि मी तिला ओढत नेणार होतो. शेवटी पार्वतीला पुन्हा फोन लावून मोबाईल तिच्या कानाला धरला. पार्वती काय बोलली ते मला कळलं नाही. नंतर तिनं सांगितलं, आईनं घरी बोलावलंय, या गाडीनं नको, खाली उतर, असं ती म्हणाली. सुनंदा फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, सावकाश, स्वतःच उतरली. मी मागून पिशवी घेऊन उतरलो. गाडी तिच्याशिवाय गेली.

तेव्हापासून तिच्या हातात एक कडं आहे. त्यावर प्रशांतचा नंबर आणि दोन्ही नावं कोरलीत. तुमच्या घरात असं माणूस असेल तर त्याला लहानपणी काय म्हणायचे ते नाव घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हरवल्यावर माणूस तेच नाव सांगतं.

पार्वती

पार्वती राहायला आली. पहिले काही दिवस घर शांत झालं. सुनंदा तिच्या हातनं जेवत होती, अंघोळ करून घेत होती, दोघी कानडीत बोलत बसायच्या. मी दाराशी खुर्ची टाकून ऐकायचो. एकही शब्द कळत नव्हता तरी बरं वाटायचं, की हिच्याकडं अजून बोलायला एवढं आहे.

मग माझ्या लक्षात आलं, सुनंदा तिला अव्वा म्हणतेय. आई. पार्वती तिच्यापेक्षा लहान, पण तोंडवळा आईचा. सुनंदा तिला क्षणभर नजरेआड होऊ देईना. पार्वती न्हाणीघरात गेली तरी दाराशी उभी राहून रडायची. पार्वतीची झोप गेली, जेवण गेलं. आणि एका सकाळी तिनं पिशवी भरली.

"दाजी, मी अक्काकडं आलते," ती म्हणाली. "हितं अक्का न्हाईच. ती मला आई म्हणून धरून बसली. माझी आई गेली तवा मी एवढं रडले न्हवते."

मी तिला थांब म्हणू शकलो नाही. तिच्या नातवंडांचं, घराचं बघायचं होतं. पण गाडीत बसायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. मला समोर बसवून कानडी शिकवली. या, बसा, जेवलात का, भिऊ नको. रोज सकाळी फोनवर आणखी शिकवीन म्हणाली, आणि शब्द पाळला. मी शाळेत असल्यासारखा घोकतो. माझं चुकलं की पार्वती हसते, ते हसणं हीच हल्ली या घरात ऐकू येणारी बरी गोष्ट.

केंद्र

प्रशांतनं विषय काढला तेव्हा तो माझ्याकडं बघत नव्हता. अशी माणसं सांभाळणारी केंद्रं आहेत, म्हणाला. आण्णा, तुमचं बीपी वाढलंय, रूपालीची कंबर धरलीय, दिवसा ठेवलेल्या बाईही महिनाभरात सोडून गेल्या. तो खोटं काही बोलत नव्हता. मी चिडलो नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच भीती वाटली.

आम्ही शहराबाहेरचं एक केंद्र बघून आलो. स्वच्छ होतं. खिडक्यांना जाळ्या, बाहेर पपईची झाडं. बायका ओळीनं खुर्च्यांवर बसल्या होत्या. तिथल्या बाईंनी सगळं दाखवलं, आजीचं खाणंपिणं विचारलं, आणि सहज म्हणाल्या, "त्यांना सांगितलेलं कळतं ना? मराठीत?"

प्रशांत म्हणाला, नाही, फक्त कानडी. बाई म्हणाल्या, मग जरा अवघड आहे, आमच्याकडं कानडी येणारं कुणी नाही, पण हळूहळू होईल सवय. आम्ही गाडीत येऊन बसलो. प्रशांतनं गाडी चालू केली आणि परत बंद केली. स्टेअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला, "तिथं ती नुसती बसून राहील, आण्णा. तहान लागली तरी कुणाला कळायचं न्हाय." केंद्राचा विषय त्या दिवशी संपला. पुढं परत निघेल हेही मला माहीत आहे. माझं काही झालं तर निघायलाच लागेल. देवाला हात जोडताना मी हल्ली एवढंच मागतो, की ती माझ्या आधी जाऊ दे. पूर्वी आम्ही दोघं उलट मागायचो.

पायरीवर

सगळ्यात वाईट दिवस मागच्या उन्हाळ्यातला. सुनंदानं मला खोलीत येऊ दिलं नाही. परका पुरुष घरात शिरलाय म्हणून ती गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होती. मी आत गेलो तर तिनं उशी फेकली, मग तांब्या. कपाळाला लागलं. तिच्या डोळ्यांत खरी भीती होती, आणि त्या भीतीचं कारण मी होतो. कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या त्या बाईला समजवायला दुसरं कुणी नव्हतं. तिला वाचवायचं तर मी बाहेर जायला हवं होतं.

मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. शेवंताकाकू आल्या, काय झालं विचारलं आणि कपाळ बघून उत्तराची वाट न बघता गेल्या. आतून रडणं ऐकू येत होतं. अव्वा यल्लि, अव्वा यल्लि. आई कुठं आहे. एवढी कानडी मला आता कळत होती. कळत नव्हतं तेच बरं होतं.

रूपाली कामावरून आली तेव्हा मी तिथंच होतो. ती पर्ससकट माझ्या शेजारी पायरीवर बसली. मी म्हणालो, मला आता जमत नाही. तिनं पर्स मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "मला तर कवापास्नं जमत न्हाय, मामंजी. तरी रोज करतोयच की आपण." मग तिनं सांगितलं, डॉक्टर म्हणाल्या होत्या ना, आईंच्या जगात आपण जायचं. त्यांच्या जगात तुम्ही पावणं हाय. पावण्यासारखं जावा.

ती आत गेली, सुनंदाला शांत केलं, तोंड धुऊन दिलं. मग मला खूण केली आणि आतूनच दार लोटून घेतलं. मी माझ्या घराच्या दारावर टकटक केली. पार्वतीनं शिकवलं होतं तसं विचारलं, "बरला?" येऊ का?

आत पलंग करकरला. मग तिचा आवाज आला, साधा, घरात आलेल्या मोठ्या माणसाशी बोलावं तसा.

"बर्रि. कुंद्रि."

या. बसा.

आता

रोज असंच चालतं. मी दार वाजवतो, परवानगी मागतो, दाराजवळच्या खुर्चीत बसतो. पलंगावर बसत नाही, तिला ते चालत नाही. काही दिवशी ती बसा म्हणतेच असं नाही, मग मी बाहेर थांबतो. आता तिचं चालणं मंद झालंय, कानडीसुद्धा विरळ होत चाललीय. पार्वती फोनवर सांगते, अक्का अर्धेच शब्द बोलते, मलाही सगळं लागत नाही. मी ज्या वेगानं शिकतो त्यापेक्षा जास्त वेगानं ते तिच्याकडून जातंय. एक दिवस मला येते तेवढी कानडी तिच्याकडं उरणार नाही. त्या दिवसाचा मी विचार करत नाही असं म्हटलं तर ते खरं नाही.

डॉक्टरांनी मलाही गोळ्या दिल्यात, झोपेच्या आणि मनाच्या. त्या मी घेतो. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो, कारण माझ्यासारखे बरेचजण त्या घेत नसतील. सांभाळणारा माणूस आधी पडतो, हे डॉक्टर पहिल्यापासून सांगत होत्या. मी ऐकलं नव्हतं.

परवा सकाळी मी आत गेलो, बसलो. ऊन पलंगावर आलं होतं. सुनंदा माझ्याकडं बघत राहिली. खूप दिवसांनी ती पूर्ण वाक्य बोलली.

"ऊट आतेन री?"

जेवण झालं का, असं पाहुण्याला विचारतात तसं विचारलं. माझा नाश्ता झाला होता. मी म्हणालो, "इल्ल." नाही.

ती लगेच पलंगावरून उतरली. पाहुणा उपाशी बसलाय म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जी घाई आली ती मी ओळखली, कुणीही दारात आलं की ती तशीच उठायची. ती खोलीबाहेर पडली, डावीकडं वळली, न्हाणीघराचं दार उघडून बघितलं, मिटलं. पुढच्या खोलीत गेली. परत आली. स्वयंपाकघर सापडत नव्हतं. रूपाली दाखवायला पुढं झाली, मी तिला हातानं थांबवलं. भिंतीला हात लावत, एकेक दार उघडत सुनंदा माझ्यासाठी जेवण शोधत घरभर फिरत होती, आणि मी एक पाऊल अंतर ठेवून तिच्या मागं मागं चाललो होतो.